देवेंद्रच्या नावावरचे डोहाळे

विद्याधर नगर, जयपूर
दि. १५ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप सौ. आईंना,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातल्या फोनवर मी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत असं म्हटलं आणि तुम्ही एकदम गप्प झालात, तेव्हाच ओळखलं की तुम्हाला कळलं. पण मागून बाबांनी किती जण येणार, शाकाहारी आहेत का, आमेरचा किल्ला त्यांना झेपेल का, असं विचारायला सुरुवात केली. तेव्हापासून ते रोज देवेंद्रला फोन करून पाहुण्यांच्या गाडीची चौकशी करतात. देवेंद्रने घाबरून त्यांना गाडी नंबरही सांगून टाकला. आता ती गाडी कुठे पोचली ते बाबा मोबाइलवर बघत असतात. सांकेतिक बोलणं आपल्या घराला मानवत नाही, आई.

व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुमचा फोन आधी बाबा वाचतात आणि मग तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून हे पत्र प्रज्ञाताईंच्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठवते आहे. गेल्या वर्षी बाबांनी आनंदाच्या भरात गल्लीत पेढे वाटले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हा तुम्ही मला जवळ घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वेळी तीन महिने होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, दृष्ट वगैरे मी मानत नाही. पण या खेपेला मी कुणाशीही वाद घालणार नाही, दृष्टीशीसुद्धा नाही. फक्त लिहायला तुम्ही मनाई केली नव्हती, म्हणून लिहिते. माझी आई असती तर तिला लिहिलं असतं. ती नाही, आणि तुम्ही आहात.

तब्येतीचं म्हणाल तर नाकाने राज्य हातात घेतलंय. फोडणी सहन होत नाही. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई शेखावत भाभीजी राहतात. त्यांनी कढीला कढीपत्ता-हिंग घातलं की मी इथे मोरीकडे धावते. देवेंद्रच्या साबणाचा वास तर असा येतो की त्याला मी अंघोळीनंतर गच्चीत उभं करते. त्याच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातल्या कपड्यांना जो ग्रीसचा वास असतो, तो मात्र मला फार आवडतो. त्याचा न धुतलेला शर्ट मी उशाशी घेऊन झोपते. आणि खायला हवंय काय, तर आपल्याकडच्या हिरव्या वांग्यांचं भरीत, गार झालेलं. दिवसरात्र तेच डोळ्यांसमोर येतं.

माझा लोभ तुमच्यावर आहेच. तुमचा या वासांच्या दिवसांत जरा जास्त असावा.

आपली,
अनुश्री


भुसावळ
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनुश्री हिस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

पत्र प्रज्ञाच्या क्लासमध्ये वाचलं आणि तिथल्या शिलाई मशीनला नमस्कार केला, दुसरा देव जवळ नव्हता. या वयात शिवण शिकायला नाव घातलंय. ह्यांना वाटतं मला नवा छंद लागला. रोज विचारतात, आज काय शिवलं. आज काज केलं म्हणून सांगते.

आता नीट ऐक. तीन महिने तोंडाने बोलायचं नाही हा एक नियम. दुसरा त्याहून मोठा. डोहाळा लागला की पुरवायचा, मग तो कसलाही असो. नाही पुरवला तर पोराचा कान फुटतो. हसू नकोस, माझ्या चुलत जावेच्या मुलाचा फुटला होता, तिला ऐन उन्हाळ्यात सीताफळ हवं होतं. आता तुझ्या शिकलेल्या डोक्यात प्रश्न येईल की कुणाला सांगायचं नाही आणि मागायचं तर सगळ्यांकडे, हे जमायचं कसं. सोपं आहे. सगळं देवेंद्रच्या नावावर खपव. त्याला म्हणावं, मला हे खावंसं वाटतं, मला ते हुंगावंसं वाटतं, असं तूच सगळ्यांना सांगत जा. पुरुषमाणसाने काहीही मागितलं तरी लोक तेवढं मनावर घेत नाहीत.

मला देवेंद्रच्या वेळी मालगाडीच्या केळी भरलेल्या वाघिणींचा वास हवा असायचा. मालधक्क्यावर वाघिणी भरत, पिकली केळी आणि ओलं गवत. हे मला रोज संध्याकाळी फिरायला म्हणून तिकडे न्यायचे आणि स्वतः नाकाला रुमाल लावून उभे राहायचे.

भरताची वांगी, कांद्याची पात आणि ज्वारीच्या बिबडीचे पापड ओळखीच्या गार्डाच्या हाती पाठवते आहे. दोन ठिकाणी गाडी बदलून पार्सल येईल. गरम, ताजं खा. शिळ्याला हात लावायचा नाही, या दिवसांत तर मुळीच नाही.

पोटातल्याला आणि पोटच्याला, दोघांनाही माझी माया.

तुझी,
सौ. आई


विद्याधर नगर, जयपूर
दि. ४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

वांगी पोचली. पण आई, वांग्यांना यायला जितके दिवस लागले तितक्यात डोहाळा निघून गेला. पेटी उघडली, ती हिरवीगार चकचकीत वांगी माझ्याकडे बघत होती, आणि मी पेटीला लाथ मारून आत पळाले. देवेंद्रने सगळी शेखावत भाभीजींना नेऊन दिली. त्या खूश झाल्या आणि त्यांनी लगेच ती लसणाच्या फोडणीत परतली. पुढचं लिहीत नाही.

तुमचा सल्ला मात्र आम्ही तंतोतंत पाळतो. त्याचे परिणाम कळवते. मला आता ओल्या चुन्याचा वास हवा असतो. मागच्या सेक्टरमध्ये एक नवं घर होतंय, तिथे रोज संध्याकाळी आम्ही जातो. मी भिंतीला नाक लावलं तर चौकीदाराला संशय येईल, म्हणून देवेंद्र आधी लावतो आणि मी त्याला ओढून बाजूला केल्यासारखं करत स्वतः हुंगून घेते. चौकीदाराने विचारलं तेव्हा देवेंद्रने सांगितलं की मला बरं वाटतं. तेव्हापासून चौकीदार त्याच्यासाठी भिंतीजवळ खुर्ची मांडून ठेवतो आणि माझ्याकडे फार दयेने बघतो.

खाण्याचं म्हणाल तर तुमची आज्ञा मोडली आहे. गरम काहीही पोटात ठरत नाही, त्याची वाफच नको होते. गार, शिळं असेल तर ठरतं. कालची बाजरीची रोटी, कालचा भात. आमच्या घरात शिळं उरेना, म्हणून देवेंद्र भाभीजींकडे शिळी रोटी मागायला जातो, आपल्याला फार आवडते असं सांगून. भाभीजींना वाटलं मी नवऱ्याला ताजं करून घालत नाही. त्यांनी मला जिन्यात गाठून समजावलं की मुलगा दिवसभर लोखंडात काम करतो, त्याला चार गरम पोळ्या घालायला काय हरकत आहे. मी मान खाली घालून ऐकलं. आता त्या रोज रात्री त्याच्यासाठी गरमागरम गट्ट्यांची भाजी, हिंग घातलेली डाळ आणि तुपाने निथळणारी बाटी घेऊन वर येतात आणि तो संपवेपर्यंत समोर बसून राहतात. त्यांच्या शिळ्या रोट्याही तोच घेऊन येतो, त्या मी खाते. तो मात्र जाड होत चाललाय. पँटचं बटण लागत नाही. कॉलनीतल्या बायका त्याच्या पोटाकडे बघतात आणि माझ्याकडे कुणीच बघत नाही, तेव्हा तुमची युक्ती चांगलीच लागू पडली म्हणायची.

रागावू नका, लोभात कपात नको.

आपली,
अनुश्री


भुसावळ
दि. ९ मार्च २०२५

चि. देवेंद्र यास,
गुलाबरावचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तुझ्या आईच्या नकळत लिहीत आहे, तेव्हा तूही तिला कळवू नयेस. मी आयुष्यभर स्टेशन मास्तर होतो. लाइनीवर कुठे काय अडलं आहे ते मला टेबलावर बसून कळत असे. पण माझ्याच घरात काय अडलं आहे ते मला दुसऱ्यांकडून कळावं, याचं वाईट वाटतं.

तुझ्या कारखान्यातला आपला विलास सुट्टीवर आला होता. त्याने फार संकोचाने सांगितलं की तू साबण लावून अंघोळ करणं सोडलं आहेस, कळकट कपडे धुवायला देत नाहीस, शेजाऱ्यांकडे शिळ्या भाकरी मागतोस, आणि रोज संध्याकाळी परक्या माणसाच्या भिंतीला नाक लावून बसतोस. तिथे तुझ्यासाठी खुर्चीही ठेवलेली आहे म्हणे. ते पाहुणे आले नाहीत ते यामुळेच का? ती गाडी तर वेळेवर पोचली होती.

इकडे तुझी आई शिवणक्लासला जाते आणि अजून एकही रुमाल शिवून आणलेला नाही. परवा देवापुढे बसून एकटीच हसत होती. दोघांना एकदम काय झालं आहे, मला कळत नाही. घराण्यात असं कुणी नव्हतं.

सुनेशी भांडण आहे का? ती गुणी मुलगी आहे. गेल्या वर्षी एवढं सोसलं, तिला त्रास होईल असं काही करू नकोस. इथल्या वैद्यांना तुझी लक्षणं सांगितली. त्यांनी एक काढा दिला आहे, तो घेऊन मी होळीनंतर तिकडे येतो. एखादा दिवस तुला मोकळ्या हवेत कानोत्याच्या धरणावर घेऊन जाईन, म्हणजे मन स्थिर होईल. तोवर भिंतीपासून दूर राहावे.

पत्राने खुशाली कळवावी व लोभ राखावा.

तुझा,
बाबा


जयपूर
दि. १३ मार्च २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. भिंती मला पहिल्यापासून आवडतात, तुमच्या कधी लक्षात आलं नसेल. शिळी भाकरी पचनाला चांगली असते असं इकडचे लोक मानतात. अनुश्रीशी भांडण नाही. पाहुण्यांचं येणं लांबलं आहे, ते बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जाईल.

तुम्ही एवढ्या लांब येऊ नये ही कळकळीची विनंती. काढा पोस्टाने पाठवावा, मी घेईन. मी हल्ली दिलेलं सगळं खातो-पितो, मला कुणी विचारत नाही.

तुमच्या मायेतला,
देवेंद्र


भुसावळ
दि. १७ मार्च २०२५

चि. सौ. अनुश्री हिस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

शिळ्याचं वाचून आधी राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच. मग विचार केला की नियम मीच केला आहे, डोहाळा पुरवायचा म्हणजे पुरवायचा. डोहाळ्याने माझ्या मनासारखं वागावं असा नियम मी केलेला नाही. तेव्हा खा. मात्र भात चोवीस तासांवरचा नको आणि झाकून ठेव.

चुन्याची निवळी मिळते का बघ म्हणून लिहिणार होते, तोवर तुझा चुना गेलाही असेल. मी इथून एक म्हणते आणि तोवर तुझं नाक दुसरीकडे पोचलेलं असतं. ओल्या मातीची दोन नवी मडकी पाठवते आहे. त्यांचा तुला वीट आला असेल तर त्यात पाणी भर.

ह्यांचं काहीतरी चाललंय. माळ्यावरची बॅग काढली, कुणा जुन्या सोबत्याला भेटायला खांडव्याला जातो म्हणतात. आणि सारखं विचारतात की मला अलीकडे कशाचे वास आवडतात का. मी म्हटलं, अगरबत्तीचा. तर त्यांनी हुश्श केलं. वय झालं, दुसरं काय.

तू घाबरत नाहीस ना? मागच्या खेपेचं मनात आणू नकोस. मीही आणत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. रोज आणते.

जपून राहा, माझ्या जिवाचा अर्धा तुकडा तिकडे आहे.

तुझी,
सौ. आई


विद्याधर नगर, जयपूर
दि. २२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आज मी पोटभर जेवले. किती दिवसांनी हे वाक्य लिहिते आहे.

इथे होळीनंतरच्या अष्टमीला बासोडा असतो. आपल्याकडे श्रावणात शीतळासप्तमीला चूल पेटवत नाहीत ना, तसंच, पण इथे अख्खं शहर ते करतं. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, शीतळामातेला गार नैवेद्य दाखवायचा आणि दिवसभर सगळ्यांनी शिळं खायचं. आई, मी सकाळी उठून गॅलरीत आले आणि जयपूरला कसलाच वास नव्हता. कुठे हिंग नाही, कढीपत्ता नाही, तुपाची धार नाही. मी रेलिंगला धरून नुसते श्वास घेत उभी राहिले. सगळ्या शहराने आपल्या बाजूने मत दिलंय असं वाटलं. मला आनंदाने रडू आलं.

भाभीजींनी आम्हाला खाली जेवायला बोलावलं. गोड पुए, पुऱ्या, कांजीवडे, दही, आणि राबडी. ही आपली गोड राबडी नव्हे, ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ असतं, रात्रभर गार केलेलं. मी तीन वाट्या प्यायले. इथे देवेंद्रची पंचाईत झाली. शिळं त्याला आवडतं अशी त्याची कीर्ती, म्हणून सगळ्यांनी त्यालाच आग्रह केला. तो बिचारा गरम बाटीची आठवण काढत पुए गिळत होता. मी मात्र कुणी न वाढताच खात सुटले. थोड्या वेळाने वर बघितलं तर भाभीजी माझ्याकडे बघत होत्या. मग देवेंद्रच्या पोटाकडे त्यांनी एकदा बघितलं, पुन्हा माझ्याकडे. उठून माझ्या ताटात अजून दोन वडे घातले, माझ्या कपाळाला मातेची हळद लावली आणि म्हणाल्या की ही देवी लेकरांची राखण करते, सगळ्यांच्या लेकरांची. तुमचा नियम मी मोडलेला नाही, आई, मी गप्पच होते. पण त्या हळदीला मी मनातून घट्ट धरून ठेवलंय.

आता थोडेच दिवस राहिले. तुमचा आशीर्वाद गार असला तरी चालेल, फक्त रोज वाढा.

आपली,
अनुश्री


विद्याधर नगर, जयपूर
दि. २५ मार्च २०२५, सकाळ

आई,

आज सकाळी भाभीजींच्या कढीच्या फोडणीने जाग आली. मी सवयीने उठून मोरीकडे निघाले आणि मध्येच थांबले. काहीच होत नव्हतं. मळमळ नाही, काही नाही. फोडणीचा वास फोडणीसारखा येत होता.

मी देवेंद्रचा साबण हुंगला. साबणच होता. उशाशी ठेवलेला शर्ट हुंगला, तर तो एक घाणेरडा शर्ट निघाला. गेल्या वर्षी असंच झालं होतं, आई. एका सकाळी सगळं थांबलं. मला वाटलं सुटले. मी आनंदाने पोहे करून खाल्ले, आणि दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून मान हलवली. तेव्हापासून मी पोहे केलेले नाहीत.

मी देवेंद्रला उठवलं आणि म्हटलं, फोडणी दे. त्याने कढईत तेल टाकून हिंग टाकलं. मी कढईवर डोकं धरून उभी राहिले, काही नाही. लसूण टाकला, काही नाही. मग मोहरी, मेथ्या, सुकं खोबरं, हाताला लागेल ते. शेवटी लाल मिरच्या मूठभर. घर धुराने भरलं. तो खोकतोय, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, अंगात तोच ग्रीसचा शर्ट, कारण मीच त्याला तो चढवायला लावला होता, आणि मी ओरडतेय की अजून टाक, मला उलटी होऊ दे. देवाकडे कुणी उलटी मागितली असेल का, आई? मी मागत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबा. हातात बॅग आणि काढ्याची मोठी बाटली. ते म्हणे देवेंद्रला बरं करायला आले होते. धुरातून त्यांनी त्याला बघितलं, मला बघितलं, आणि बाटली खाली ठेवून ते गॅस बंद करायला धावले. मागून भाभीजी पदर नाकाला लावून वर आल्या. त्यांना वाटलं आम्ही मिरच्यांनी दृष्ट काढतोय, आणि एवढ्या मिरच्या एकदम जाळत नसतात असं त्या समजावू लागल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. बाबांना देवेंद्रने बाजूला नेऊन सांगितलं. बाबा खिडक्या उघडत राहिले, उघडलेल्यासुद्धा.

दुपारी डॉक्टरांकडे जायचंय. तुम्हाला फोन करावासा वाटतो. नंबर काढते आणि ठेवून देते. तोंडाने बोलले तर ते खरं होईल असं वाटतं. म्हणून लिहीत बसले आहे. पाठवणार नाहीये बहुतेक. मला फार भीती वाटते आहे, आई. हात थांबला की भीती वाटते, म्हणून लिहिते आहे.

अनुश्री


जयपूर
दि. २५ मार्च २०२५, संध्याकाळ

तीर्थस्वरूप सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे: सगळं ठीक आहे. बाळ ठीक आहे.

हे पत्र बाबा स्वतः घेऊन येत आहेत. त्याचं कारण असं की सकाळी मी एक पत्र लिहून टेबलावर पाकिटात ठेवलं होतं. ते मला पाठवायचं नव्हतं. पण बाबांना काहीतरी मदत करायची होती, घरात त्यांना करण्यासारखं काही सापडेना, तर त्यांनी ते पाकीट नेऊन पोस्टात टाकलं. ते तुमच्याकडे मागून येईल. ते न वाचता फाडून टाका. बाबांनी आजच्याच गाडीचं तिकीट काढलं, कारण हे पत्र आधी पोचलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. गाड्या कशा पुढे-मागे काढायच्या ते त्यांना कळतं म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, मिरच्यांसकट. त्या म्हणाल्या की तिसरा महिना संपत आला की पुष्कळ जणींची मळमळ अशीच ओसरते. पण मला त्यांचं पटेना, मी पडद्याकडे बघायला तयार नव्हते. देवेंद्र बघत होता. मग त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले. आई, किती भरभर पडतात. मी मान वळवली तर ते हात हलवत होतं, कुणी बघो न बघो, आपलं चाललंय. देवेंद्र एवढ्या मोठ्याने रडला की बाहेरच्या नर्स आत आल्या. बाहेर बाबा बसले होते, ते त्याचं रडणं ऐकून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला हसत बाहेर येताना बघून त्यांनी तोंड उघडलं, आजूबाजूला पाच-पन्नास माणसं बघितली, आणि पुन्हा मिटलं. काढ्याची बाटली त्यांनी तिथल्याच कुंडीत ओतली.

येताना रस्त्यावर मी कांद्याची कचोरी खाल्ली. कढईतून काढलेली, हात भाजेल इतकी गरम. बाबांनी दुसरी घेऊन दिली, मग तिसरी. देवेंद्रला कुणी विचारलंच नाही.

बाबांना वाटेत कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही असं त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. ते भुसावळपर्यंत कसे पोचतात ते मला जरूर कळवा.

तुमच्या लोभाची मला आज फार गरज होती, आणि तो होता.

आपली,
अनुश्री


भुसावळ
दि. ३० मार्च २०२५, पाडवा

चि. सौ. अनुश्री हिस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

हे दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले ते तोंड घट्ट मिटून. शेजाऱ्यांनी खांडवा कसं होतं विचारलं, तर हात जोडून आत आले. गाडीत समोरच्या बाईशी रात्रभर बोललो नाही, तिला मी मुका वाटलो, असं नंतर सांगत होते. पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले. मी वाचलं. मग त्यांना बाहेर बोलावलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि म्हातारपणी रडायची लाज वाटते म्हणून एकमेकांकडे न बघता रडलो. चहा उतू गेला.

तुझं दुसरं पत्र काल आलं. फाडून टाका असं तू बजावलं होतंस. मी वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. बाळ सुखरूप आहे हे मला तोवर ठाऊक होतं, तरी ह्यांनी आणलेलं पत्र शेजारी उघडून ठेवूनच ते वाचलं.

त्या सकाळी मी इथे पाडव्यासाठी गहू निवडत बसले होते. रेडिओ लावला होता. तिकडे माझी पोर कढईवर डोकं धरून उलटी मागत होती, आणि मला पत्ता नव्हता. शेखावत भाभींना कळलं. त्या वर आल्या, त्यांचं भलं होवो. यायला मी हवी होते. तू माझा नंबर काढलास आणि ठेवून दिलास, का, तर मी सांगितलं होतं बोलू नको म्हणून. तुला कुणाची दृष्ट लागू नये एवढंच माझ्या मनात होतं. पण गप्प बसून भीती काही कमी झाली नाही, तेवढी तुझ्या एकटीच्या वाट्याला आली.

तेव्हा तो नियम आज पाडव्यापासून मोडला. तीन महिने पुरे व्हायला अजून थोडे दिवस आहेत, राहू देत. ह्यांना पेढे आणायला पाठवलंय, ते अजून परत आले नाहीत, म्हणजे दुकानातच सांगत बसले असणार. दृष्ट लागली तर काढायला मी बसले आहे.

लोभ काय, तो लिहून वाढवायचा नसतो, आहे तो तुझाच आहे. पण यापुढे भीती वाटली तर पत्र लिहायचं नाही. फोन लावायचा आणि बोलायचं, काय वाटेल ते. बोलता येत नसेल तर नुसतं रडायचं, मला कळेल.

तुझी,
सौ. आई